खळीची बादली आणि भिंतीचा मालक

दिल्ली आणि जयपूरच्या रस्त्यांवर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी काही परदेशी तरुण भिंतींवर पांढरे कागद चिकटवत फिरत होते. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, हे काय चाललंय? कला, असं उत्तर मिळायचं. कोऱ्या कागदात कसली आलीय कला, म्हणून लोक बुचकळ्यात पडायचे. कागद खरं तर पुरता कोरा नव्हता. त्याच्या काही भागांना उलट्या स्टिकरसारखा चिकटपणा होता. रस्त्यावरची धूळ उडे, त्या चिकट भागांवर बसे आणि पुढच्या काही दिवसांत त्या धुळीतूनच एखाद्या बाईचा चेहरा वर येई. भिंतीवर सरळ फोटो लावणं तिथे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून काढलेली ही पळवाट. आपल्याकडच्या धुळीचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं चटकन आठवत नाही.

ही पळवाट काढणारा माणूस जेआर या दोन अक्षरांनी ओळखला जातो. जन्म १९८३ चा, फ्रान्समधला; घराण्याचं एक मूळ ट्युनिशियात, दुसरं पूर्व युरोपात. पोरवयात रात्री छतांवर चढून आणि मेट्रोच्या बोगद्यांत शिरून स्प्रेने आपलं नाव लिहिणाऱ्या टोळक्यातला हा एक. मेट्रोत कुणाचा तरी विसरलेला कॅमेरा त्याला सापडला आणि तो मित्रांचे फोटो काढू लागला. मग त्या फोटोंच्या झेरॉक्स काढून भिंतींवर लावू लागला. जाहिरातींच्या गर्दीत त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून भोवती रंगाची चौकट ओढायचा. आज त्याचं नाव जगभर झालं आहे, पण सामान फारसं बदललेलं नाही: कृष्णधवल फोटो, मोठमोठे कागद, लांब दांड्याचा ब्रश आणि बादलीभर खळ.

२०११ मध्ये त्याला एक लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. कला जग बदलू शकते का, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या नावाला चिकटला आहे. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्या प्रश्नाभोवती पिंगा घालतात. प्रश्न भारदस्त आहे, पण त्याने हाती काही लागत नाही. ‘हो’ म्हणणारा भाबडा ठरतो, ‘नाही’ म्हणणारा शहाणा, आणि कामाकडे नीट कुणीच पाहत नाही. जेआरच्या कामाला विचारावा असा प्रश्न त्याहून लहान आणि जास्त अडचणीचा आहे. या भिंतीवर कोणाचा चेहरा लागणार, हे ठरवतं कोण? ज्या ठिकाणी त्याच्या फोटोने या ठरवणाऱ्याची गैरसोय केली, तिथे काम जिवंत राहिलं. भिंतीचा मालकच हार घेऊन दारात उभा राहिला, तिथे ते नुसतं शोभेचं झालं. शोभेलाही काही किंमत असते, पण ती सामाजिक प्रश्नाच्या खात्यावर मांडू नये.

पॅरिसच्या पूर्वेला माँफर्मेय आणि क्लिशी-सू-ब्वा ही दोन उपनगरं आहेत. स्थलांतरित कामगारांच्या उंच, उदास इमारती. त्यातली एक वसाहत ले बोस्के. २००४ मध्ये जेआरने तिथल्या भिंतींवर मुलांचे मोठे फोटो लावले. त्यात लाद्ज ली हा मित्र होता. फोटोत तो बंदूक रोखून उभा आहे असं वाटतं. दुसऱ्यांदा पाहिलं की कळतं, हातात व्हिडिओ कॅमेरा आहे. पहिल्या नजरेला बंदूक का दिसली, याचा हिशेब पाहणाऱ्याने स्वतःशी करायचा.

२७ ऑक्टोबर २००५ रोजी क्लिशी-सू-ब्वात पोलिसांना घाबरून पळालेली दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. त्यानंतर सुमारे तीन आठवडे फ्रान्समधली उपनगरं पेटली होती. टीव्हीचे वार्ताहर इमारतींसमोर उभे राहून बोलत, तेव्हा त्यांच्या मागे जेआरचे ते फोटो दिसत. बातम्यांत या पोरांना राक्षस ठरवलं जात होतं. जेआर परत गेला तो २८ मिलिमीटरची लेन्स घेऊन. या लेन्सने चेहरा भरून टिपायचा तर कॅमेरा माणसाच्या जेमतेम वीतभर अंतरावर न्यावा लागतो. टेलिफोटो लावून गल्लीच्या टोकावरून चोरून काढलेला हा फोटो नव्हे. समोरच्याने परवानगी दिल्याशिवाय तो निघतच नाही. पोरांनी डोळे वटारले, जिभा काढल्या, बातम्यांतल्या राक्षसाची नक्कल केली. ते फोटो पॅरिसच्या सुखवस्तू वस्त्यांत लागले, खाली नाव, वय आणि इमारतीचा क्रमांकसुद्धा. हे बेकायदा होतं. वर्षभरातच तेच फोटो पॅरिसच्या नगरपालिकेसमोर मानाने मांडले गेले.

पुढची गोष्टही सांगायला हवी. २०१७ मध्ये त्याच उपनगरात जेआरने सातशेहून अधिक रहिवाशांचं एक भलंमोठं कायमस्वरूपी भित्तिचित्र उभारलं आणि त्याचं उद्घाटन राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांनी केलं. चित्र देखणं आहे. आपण त्यात आहोत याचा लोकांना अभिमान वाटला असेल, आणि तो खोटा मानण्याचं काही कारण नाही. पण २००४ च्या भिंतीने भांडण उकरून काढलं होतं. २०१७ च्या भिंतीपुढे फीत कापली गेली. भांडणाचा धागा पुढे नेला तो लाद्ज लीने. याच उपनगरातल्या पोलिसी जाचावर त्याने काढलेल्या ‘ले मिझेराब्ल’ या चित्रपटाला २०१९ मध्ये कानमध्ये ज्युरी पुरस्कार मिळाला. फोटोतल्या माणसाने कॅमेरा खरोखरच चालवला.

रिओ द जानेरोतली मोरो दा प्रोव्हिदेन्सिया ही टेकडीवरची झोपडपट्टी. जून २००८ मध्ये सैनिकांनी तिथल्या तीन तरुणांना पकडलं आणि त्यांना सोडून न देता शत्रू टोळीच्या वस्तीत नेऊन त्या टोळीच्या हवाली केलं. तिघांचे मृतदेह मिळाले. ही बातमी वाचून जेआर तिथे पोहोचला. हाताशी कुठली संस्था नाही, ओळखपाळख नाही. मारल्या गेलेल्यांपैकी एकाची आजी कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाली, तेव्हा वस्तीने त्याला आत घेतलं. ऑगस्टमध्ये टेकडीचा शहराकडे तोंड केलेला उतार डोळ्यांनी भरून गेला. तीन-तीन मजली घरांच्या भिंतींवर एकेक डोळा, कुठे अर्धा चेहरा, आणि एका जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर पट्ट्या-पट्ट्यांनी लावलेला एका बाईचा पूर्ण चेहरा. तो जिना खालून पाहिला तर चेहरा सलग दिसतो. चढायला लागलं की एकेक पट्टी सुटी होते, आणि वरच्या टोकाला पोहोचून मागे वळलं तर नुसत्या पायऱ्या. वस्तीत राहणारा तो रोज असा ओलांडतो आणि शहरात राहणारा लांबून पाहतो, हा फरक त्या जिन्यानेच करून ठेवला होता.

वार्ताहर आले. टेकडी तेव्हा टोळ्यांच्या ताब्यात, त्यामुळे आधी हेलिकॉप्टरने घिरट्या घातल्या, लांबच्या लेन्स लावल्या. जेआर बोलायला हजर नव्हता. हे काय आहे, कोणी केलं, का केलं, हे विचारायचं तर वर चढून त्या बायकांनाच विचारावं लागत होतं. कलावंताने आपल्या कामावर न बोलणं ही एरवी ऐट असते. इथे मात्र त्याच्या गप्प बसण्याने माइक सरकून बायकांसमोर गेला. ‘विमेन आर हीरोज’ हे प्रकल्पाचं नाव खरं सांगायचं तर बेगडी आहे, महिला दिनाच्या फ्लेक्सवर शोभेल असं. काम नावापेक्षा कितीतरी चांगलं.

आक्षेप इथेच सुरू होतो. गरीब बाईचा सुरकुतलेला चेहरा, काळा-पांढरा, प्रचंड मोठा. तो पाहून सुखवस्तू माणूस हळहळतो आणि घरी जातो. बाई टेकडीवरच राहते. तिच्या चेहऱ्याची छापील प्रत कलादालनात विकली जाते, कॅटलॉगमध्ये नाव छापतं ते जेआरचं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवाय दुसऱ्यांना तोंड दाखवायला सांगणारा हा गृहस्थ स्वतः कायम टोपी आणि काळा चष्मा लावून वावरतो. बेकायदा काम करणाऱ्याला ओळख लपवावी लागते, हे त्याचं स्पष्टीकरण सुरुवातीच्या वर्षांत पटण्यासारखं होतं. ऑस्करच्या गालिच्यावर ते जरा विरळ होतं. वृद्ध दिग्दर्शिका अन्येस वार्दा हिच्याबरोबर त्याने २०१७ मध्ये ‘व्हिजाज व्हिलाज’ हा माहितीपट केला, त्यात ती चित्रपटभर या चष्म्यावरून त्याची थट्टा करते. शेवटी तो चष्मा काढतो, पण पडद्यावर दिसतो धूसर चेहरा, कारण वार्दाची नजर तोवर अधू झालेली होती आणि तिला तो तसाच दिसला. फार हुशारीने सोडवलेला प्रसंग आहे हा. प्रश्न मात्र सुटत नाही.

पैशाच्या बाबतीत तो त्यामानाने स्वच्छ आहे. भिंतीवरच्या कामाला कुठल्या कंपनीचा लोगो लावायचा नाही, हा त्याचा नेम. खर्च भागतो तो बहुतांशी कलादालनांतल्या विक्रीतून. श्रीमंतांना चित्र विकून झोपडपट्टीत खळ लावायची, ही व्यवस्था कुणाला ढोंगी वाटेल. आपल्याकडचे कलामहोत्सव प्रायोजकांच्या नावांनी मांडवापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत कसे भरलेले असतात ते आठवलं, तर मात्र ती बरी वाटायला लागते.

हळहळीच्या आक्षेपाला सर्वांत चांगलं उत्तर नैरोबीतल्या किबेराने दिलं. २००९ मध्ये जेआरने तिथल्या पत्र्याच्या छपरांवर बायकांचे चेहरे आणि डोळे लावले. सुमारे दोन हजार चौरस मीटर छप्पर झाकलं गेलं. या वेळी कागद नव्हता. फोटो पाणी न शिरणाऱ्या व्हिनाइलवर छापले होते, म्हणजे पावसाळ्यात छत गळायचं थांबणार. वस्तीतून रेल्वे जाते. गाडीच्या डब्यांवर बायकांचे डोळे लावले आणि रुळांखालच्या उतारावर पत्र्यांवर त्याच बायकांच्या चेहऱ्याचा खालचा भाग. गाडी जाता जाता क्षणभर दोन्ही जुळायचे आणि चेहरा पुरा व्हायचा. रेल्वेची गंमत फोटोत छान दिसते, म्हणून मासिकांत ती जास्त छापून आली. पण छपरांचं काम तिच्याहून मोलाचं आहे. तिथे चित्राखाली राहणाऱ्या बाईला चित्र दिसतच नाही, ते विमानातून किंवा उपग्रहातून दिसतं; तिला मिळतं ते कोरडं अंथरूण. चित्र कोणासाठी आहे या जुन्या वादात दोन्ही बाजूंना आपापला वाटा देणारं असं काम विरळा. कलासमीक्षेत गळक्या छपराचा विचार करण्याची पद्धत नाही, हा समीक्षेचा दोष.

टेड पुरस्काराचे पैसे त्याने ‘इनसाइड आउट’ या योजनेत घातले. कल्पना सोपी: कुठल्याही गटाने आपला मुद्दा ठरवायचा, आपल्या माणसांचे फोटो काढून पाठवायचे, तिकडून मोठे पोस्टर छापून येणार, चिकटवायचे आपण. जेआर तिथे नसतो. लाखो लोकांनी यात भाग घेतला आहे. त्यातलं बरंच काम गोड आणि निरुपद्रवी असतं, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जातकुळीचं. पण काही ठिकाणी पद्धत योग्य हातांत पडली. प्रोव्हिदेन्सियाचंच पाहा. रिओत ऑलिंपिकची तयारी सुरू झाली, केबल कार आणि रस्त्यांसाठी टेकडीवरच्या शेकडो घरांवर पाडकामाच्या खुणा पडल्या. २०११ मध्ये तिथेच लहानाचा मोठा झालेला छायाचित्रकार मॉरिसियो ओरा याने या योजनेतून पोस्टर मिळवले आणि जी घरं जाणार होती त्यांच्या भिंतींवर त्यांत राहणाऱ्यांचेच चेहरे लावले. बुलडोझर आणायचा तर आधी त्या माणसाच्या तोंडावर आणावा लागणार. तीन वर्षांपूर्वी पाहुण्याने येऊन केलेलं काम आता घरच्या माणसाच्या हातात होतं, आणि मुद्दाही नेमका: हे घर, हा माणूस, ही नोटीस.

ट्युनिशियात त्याच वर्षी उलटा अनुभव आला. बेन अलीची राजवट कोसळली होती. चौकाचौकांत त्याच्या तसबिरी टांगलेल्या असायच्या, त्या जागी साध्या नागरिकांचे चेहरे लावायचे असा बेत स्थानिक छायाचित्रकारांनी या योजनेतून आखला. लोकांनी काही ठिकाणी ते फोटो फाडून काढले. एका तसबिरीखाली तेवीस वर्षं काढल्यावर पुन्हा भिंतीवर कुणाचं तरी मोठं तोंड कशाला, ही त्यांची तक्रार. अपयश म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि ते चुकीचं आहे. भिंत कोणाची यावर लोक रस्त्यात उभं राहून तावातावाने भांडले, फाडणाऱ्यांनीही आपला हक्क बजावला. लूव्हरच्या आवारात २०१९ साली शेकडो स्वयंसेवकांनी जेआरच्या देखरेखीखाली काचेच्या पिरॅमिडभोवती कागदाच्या सुमारे दोन हजार पट्ट्या चिकटवल्या, वरून पाहिलं तर पिरॅमिड खोल खाणीतून वर आल्यासारखा भासायचा. पर्यटकांच्या पायांनी दीड-दोन दिवसांत त्याच्या चिंध्या झाल्या. तिथेही कागद फाटला. पण फाडणाऱ्याच्या मनात काही नव्हतं.

आता आपल्या भिंतींकडे वळू. जगात मोठ्या छापील चेहऱ्यांनी सर्वांत जास्त भरलेल्या रस्त्यांत महाराष्ट्रातले रस्ते मोडत असतील. साहेबांचा वाढदिवस, दादांची निवड, भाऊंचं अभिनंदन, भावी नगरसेवक, भावी आमदार. एखादा चौक डोळ्यांसमोर आणावा. मधोमध नेत्याचा कमरेपासून वरचा फोटो, गॉगलसह किंवा हात जोडून. वरच्या पट्टीत पक्षाचे दिवंगत आणि हयात श्रेष्ठी. तळाला शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे चेहरे, वर्गणी आणि वजन यांनुसार लहान-मोठे. बाईचा चेहरा आलाच तर वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला असं समजावं, आणि तेव्हाही शेजारी पतिराजांचा फोटो तिच्याहून मोठा असण्याची शक्यता असते. साध्या माणसाला पूर्ण आकाराचा फ्लेक्स मिळतो तो ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा, म्हणजे मेल्यावर.

हे सगळं कायद्यात बसत नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, त्यानंतरही पालिकांना वारंवार फटकारलं. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. परवानगीच्या कमाल मर्यादेहून तो लांबी-रुंदीत तिप्पट होता. म्हणजे सार्वजनिक जागेतल्या प्रतिमा आपल्याकडे नियमाने चालत नाहीत, वट कोणाची आहे यावर चालतात. जेआर पोलीस चुकवत रात्री खळ लावतो ते धाडस वाटतं; आपल्याकडे तेच काम भरदिवसा हातगाडीवर शिडी घालून होतं. त्यामुळे पॅरिसमध्ये बेकायदेशीरपणाला जी धार असते, ती इथे आपोआप येत नाही. इथे धार येईल ती फक्त कोणाचा चेहरा लावला यावरून.

मुंबईत त्याची एक चुणूक मिळाली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने मोठा कलाप्रकल्प भरवला, त्यात ‘इनसाइड आउट’खाली तिथल्या कोळी माणसांचे कृष्णधवल चेहरे भिंतींवर लागले. १८७५ पासूनची ही गोदी, पण दक्षिण मुंबईतल्या कित्येकांनी ती तोवर फक्त वासावरून ओळखली होती. ते लोक रांगा लावून आले, त्यांनी सेल्फी काढले, आणि मावशींच्या फोटोशेजारी खुद्द मावशी कोलंबी सोलत बसलेल्या पाहिल्या. काम चांगलं होतं, पण ते रस्त्यावरून प्रदर्शनाच्या बाजूला झुकलं. फोटोतल्या माणसांचं म्हणणं काय, बर्फाचा, पाण्याचा, बसायच्या जागेचा प्रश्न काय, हे चेहऱ्याखाली कुठे लिहिलेलं नव्हतं. बोस्केच्या पोरांच्या फोटोखाली इमारतीचा क्रमांक होता. एवढीच ओळ, पण तिच्यामुळे चेहऱ्याला पत्ता मिळतो आणि पत्त्याबरोबर तक्रार येते.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले आहेत: गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस, उघड्या हातांनी कचरा भरणारे, कामावरून परतल्यावरची त्यांची घरं. ते फोटो प्रदर्शनांत लागले, त्यांचं पुस्तक झालं, ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. दरम्यान स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने शहरोशहरीच्या पालिकांनी भिंती रंगवून घेतल्या. त्यांवरही सफाई कामगार असतो, गालाला लाली, पायांत गमबूट, हातात नवा कोरा झाडू. दोन्ही चित्रं एकाच कामगाराची. एकाला भिंत मिळाली, दुसऱ्याला दालन. ओलवे यांचा तो गटारातला फोटो वीस फुटांचा करून, खाली कामगाराचं नाव आणि कंत्राटदाराचं नाव घालून, जिथे पहाटे हजेरी लागते त्या चौकीच्याच बाहेर एका रात्रीत चिकटवला, तर तो किती वाजेपर्यंत राहील? याचा अंदाज द्यायला कलासमीक्षक लागत नाही, चौकीवरचा मुकादमही सांगेल.